नाकारलेलीं छायाचित्रें

लाइटरूम नांवाच्या संगणक-प्रणालींत कॅप्स लॉक लावून ठेवला, कीं छायाचित्रांची निवड मोठ्या झपाट्यानें होते. 'पी' दाबली कीं चित्र राखलें, 'एक्स' दाबली कीं नाकारलें. पुढचें चित्र आपण होऊन समोर येतें. मीहि ही सोय नित्य वापरतों, तेव्हां तिची निंदा करण्याचा मला अधिकार नाहीं. परंतु एवढ्या त्वरेनें न्याय करतांना आपण पाहतों तें काय? मिटलेला डोळा, हललेला हात! माणूस पाहावयास सवडच नसते.

अमेरिकेंत १९३५ नंतर खेड्यापाड्यांतील हलाखीचीं छायाचित्रें सरकारनें घेवविलीं. त्या कामाचे प्रमुख रॉय स्ट्रायकर कांहीं वर्षें नापसंत निगेटिव्हना चक्क भोंक पाडवीत. तीं आज काँग्रेस ग्रंथालयांत आहेत; चित्रांवर उमटलेलें तें काळें वर्तुळ पाहून मन चरकतें.

'एक्स'ची खूण तितकी निर्दय नाहीं; ती काढतां येते, आणि चित्र खरोखर नष्ट करण्यास निराळी आज्ञा द्यावी लागते. ती आज्ञा हल्लीं माझ्यानें देववत नाहीं. भाच्याच्या लग्नांत आत्याबाईंचे डोळे मिटलेले आले, म्हणून मीं त्यांचें चित्र नाकारून त्याच रात्रीं पुसूनहि टाकलें. चार महिन्यांनीं त्या वारल्या, आणि त्या समारंभांतलें त्यांचें दुसरें चित्र कोणाजवळच निघालें नाहीं.