शाळेत शिकलेली मातृभाषा

कवयित्री इरेना क्लेपफिश हिला यिडिश भाषा घरातूनच मिळाली असेल, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात तिचं आयुष्य वेगळ्याच भाषांतून गेलं. एप्रिल १९४१मध्ये ती वॉर्साच्या घेट्टोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, जन्मली. वडील मिखाउ क्लेपफिश इंजिनिअर आणि बुंड या समाजवादी ज्यू पक्षाचे कार्यकर्ते. घेट्टोतल्या नाझींविरुद्धच्या उठावासाठी स्फोटकं तयार करण्याचं काम त्यांच्याकडे होतं. उठावाच्या दुसऱ्याच दिवशी, २० एप्रिल १९४३ला, लढताना ते मारले गेले. मुलगी नुकती दोन वर्षांची झाली होती. तिला कॅथलिक अनाथालयात दडवलेलं होतं. पुढे आई पोलिश बाई असल्याचं भासवत तिला घेऊन खेड्यात राहिली. तिथं तोंडून यिडिश शब्द निघणं जिवावर बेतलं असतं. मुलगी अर्थातच पोलिश बोलू लागली. युद्धानंतर स्वीडन, १९४९मध्ये न्यूयॉर्क. यिडिश ती शिकली ब्रॉंक्समध्ये, ज्यू कामगार संघटनेनं चालवलेल्या शाळेत.

आपल्याकडे ज्यू म्हटलं की कोकणातले बेने इस्रायली आठवतात, पिढ्यान्पिढ्या मराठी बोलणारे. पूर्व युरोपातल्या ज्यूंची मात्र घरातली, बाजारातली आणि भांडणातली भाषा यिडिश होती: हिब्रू लिपीत लिहिलेली, बरीचशी जर्मन वळणाची. १८९७मध्ये स्थापन झालेल्या बुंडनं तिला कामगारांच्या राजकारणाची भाषा केलं. देव मानायलाच हवा असं नाही, पॅलेस्टाईनला जायलाही नको. जिथं राहतो तिथंच हक्क मागायचे, ही त्या पक्षाची भूमिका. इरेनाला यिडिशबरोबर हा विचारही मिळाला. १९८८मध्ये वेस्ट बँक आणि गाझावरच्या इस्रायली ताब्याविरुद्ध ज्यू स्त्रियांची समिती उभी करणाऱ्यांत ती होती, ते मला याच शिकवणीचं फळ वाटतं.

नाहीतर अमेरिकेत यिडिशचं काय झालं होतं? आजीचे विनोद, चार शिव्या, लग्नातली गाणी. लाखो बोलणारे मारले गेल्यावर उरलेल्या भाषेवर असं लाडिक प्रेम करणं सोपं असतं. इरेनाला ते पुरेसं वाटलं नाही. तिनं भाषेकडे सरळ प्रश्न नेला: इथं माझ्यासारख्या बाईला जागा आहे का? ती समलिंगी होती आणि ते लपवत नव्हती. १९७६मध्ये तिनं मैत्रिणींबरोबर ‘कंडिशन्स’ हे स्त्रीवादी नियतकालिक सुरू केलं; त्यात लेस्बियन लेखिकांना खास स्थान होतं. पण स्त्रीवाद्यांमध्ये ज्यू असण्याला फारसं महत्त्व नव्हतं आणि ज्यू समाजात समलिंगी असण्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. दोन्हीकडे अर्धीच बसायचं तिनं नाकारलं. मेलनी के-कँट्रोविट्झसोबत तिनं १९८६मध्ये ‘द ट्राइब ऑफ दिना’ हा ज्यू स्त्रियांच्या लेखनाचा संग्रह संपादित केला.

मग ती यिडिश साहित्यात स्त्रिया शोधू लागली. तिथले नामवंत म्हणजे पुरुष. बायकांची पुस्तकं कपाटात धूळ खात होती. काद्या मोलोदोव्स्कीच्या कवितांत परंपरेशी वाद घालणारी बाई तिला भेटली, आणि फ्राडेल श्टोकच्या लेखनात इच्छा उघडपणे बोलणारी. तिनं त्यांची भाषांतरं केली आणि श्टोकवर स्वतंत्र कविताही लिहिली. श्टोक आधी यिडिशमध्ये लिहायची, पुढे इंग्रजीत कादंबरी लिहून वाचकांच्या नजरेआड झाली. या शोधात मला इरेनाची खरी बुद्धी दिसते. वडिलांचा वारसा तिला आयता मिळाला होता, शहीद पित्याची मुलगी म्हणून सन्मानानं जगता आलं असतं. पण तिला पूर्वज स्त्रियाही हव्या होत्या, आणि त्या तिला स्वतःच खणून काढाव्या लागल्या.

तिच्या कवितांत इंग्रजी आणि यिडिश शेजारी शेजारी नांदतात. एका प्रसिद्ध कवितेची सुरुवात शब्दकोशासारखी आहे: यिडिश शब्द, पुढे इंग्रजी अर्थ. बायकांना दिली जाणारी नावं एकेक करून येतात, त्यात लेस्बियन स्त्रीसाठीचाही शब्द आहे. हळूहळू अर्थ देणं थांबतं आणि शेवटी फक्त यिडिश उरतं. वाचकाला तोवर जेवढं आलं असेल तेवढ्यावरच पुढे जावं लागतं. मला ही युक्ती फार आवडते; कवयित्री स्वतः जशी शिकली, तसंच ती वाचकाला शिकवते.

न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात तिनं २०१८पर्यंत शिकवलं, आणि २०२२मध्ये तिच्या कवितांचा मोठा संग्रह आला. मात्र आज यिडिशमध्ये भांडणारी, लाडानं रागावणारी मुलं बहुतेक हसीदी वस्त्यांत वाढतात, म्हणजे त्याच न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्येही. त्या कडव्या धार्मिक घरांत धर्म न मानणाऱ्या, बाईवर प्रेम करणाऱ्या कवयित्रीचं पुस्तक सहसा शिरणार नाही. आणि जे वाचक ते पुस्तक हौसेनं उघडतात, त्यांतल्या बहुतेकांना यिडिश शब्दांसाठी शेजारच्या इंग्रजी अर्थाचा आधार लागतो.