सुटतं कोण?

दुखणाईत कोंबडीची मान मुरगळणं ही दया की हिंसा? मासे-कोंबडी खाणाऱ्या घरात असला प्रश्न काढू नये, असं पुष्कळांना वाटतं. मला तो तिथेच काढावासा वाटतो. जत्रेला, पाहुण्याला आम्ही कोंबडा कापतो तो खाण्यासाठी. त्याला कोणी दया म्हणत नाही.

कुडाळजवळच्या आमच्या परसात ऐन आषाढात तांबडी कोंबी घरघरायला लागली. डोळ्याच्या कोपऱ्यात फेस, मान लांबवून उघड्या चोचीने श्वास. गुरांच्या डॉक्टरांनी पाहून सांगितलं, मानमोडी नव्हे, सीआरडी. मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूचा चिवट श्वासरोग. पाण्यातून टायलोसिन दिलं, त्या दिवसांतली अंडी टाकून दिली, खुराड्यातला ओला भुसा काढून कोरडा पसरला, वरून वाऱ्याला वाट केली. विष्ठेतल्या अमोनियाने आपले डोळे क्षणात चुरचुरतात, मग रात्रभर त्यातच श्वास घेणाऱ्या पाखराचं काय होत असेल! तांबडी पुन्हा चरायला लागली. पण डॉक्टरांनी बजावलं होतं : घरघर थांबते, जंतू अंगात राहतो. थंडी-पावसाचा ताण पडला की तो परत डोकं काढतो आणि अंड्यातून पिल्लांतही उतरतो.

ते ऐकून शेजारचा मुलगा म्हणाला, "काकी, कापून टाका तिका. सुटतली बिचारी."

सुटणार कोण? ती तर दाणे टिपत होती.

१९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू वेदनांनी तळमळत होतं, वाचण्याची आशा उरली नव्हती. गांधीजींनी डॉक्टरांकडून इंजेक्शन देववून त्याला मरण दिलं आणि मोठा गदारोळ उठला. त्यावर त्यांनी लिहिलेल्या लेखाचा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. तिथे ते पिकं नासवणाऱ्या माकडांकडे वळतात आणि आपल्या फायद्यासाठी केलेला वध हिंसाच मानतात. वासराचं मरण वासरासाठी होतं, माकडाचं आपल्यासाठी.

मला हीच कसोटी पटते. २००६ साली नवापुरात बर्ड फ्लू आला, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. ते टाळता येण्यासारखं नव्हतं, असंच मी मानते. पण त्यातल्या धडधाकट पाखरांवर कोणी उपकार केले नाहीत. हिंसा कधी अटळ असते. ती करणाऱ्याने तिचं ओझं स्वतः वाहावं, दयेच्या खुंटीला टांगून मोकळं होऊ नये.

तांबडीच्या बाबतीत तर ती अटळही नव्हती. एकाच भांड्यातलं पाणी पिणाऱ्या बाकीच्यांना लागण झालीच असं धरायचं असतं. एकीला मारून उरलेल्या निर्मळ होत नाहीत. म्हणून आम्ही सगळ्यांनाच ठेवलं. अंडी खातो, खुडकीखाली ठेवत नाही. हा कळप संपेपर्यंत नवं पाखरू परसात येणार नाही आणि यातलं एकही बाहेर जाणार नाही.

मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. घरघर थांबली की तीच कोंबडी आठवड्याच्या बाजारात गुपचूप विकली जाते. मारलं नाही म्हणून विकणारा स्वतःला दयाळू समजतो, आणि दुसऱ्याच्या अंगणातली पिल्लं गुदमरतात. माझ्या लेखी आपल्या हाताने मान मुरगळणारा त्याच्याहून प्रामाणिक. कोंबड्या पाळत असाल तर एवढं करा : आजारातून उठलेलं पाखरू विकू नका, भेटही देऊ नका.