निळी काच

जुने रेल्वे कंदील जमवणारी मंडळी कंदील हातात आला की आधी शिक्का शोधतात. जोयडा तालुक्याच्या बाजूला ‘एम. अँड एस. एम.’ ही अक्षरं दिसली, तर जीव हरखतोच. मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे! मुरगाव बंदराकडून येणारी मीटर गेज 1888 साली घाट चढून कॅसलरॉकला पोचली आणि जोयड्याच्या जंगलातलं हे स्टेशन सरहद्दीवरचं नाकं झालं. इकडे ब्रिटिशांचं कस्टम, खाली कुळ्याला पोर्तुगीजांचं.

हा घाट 37 फुटांना एक फूट चढणारा. मालगाडी मध्येच तुटली तर मागचे डबे उताराला लागणार. म्हणून गाडी आली की इंजिनापेक्षा शेवटच्या डब्याकडे लक्ष. तिथला लाल दिवा दिसला म्हणजे गाडी अख्खी आली. त्याशिवाय मागच्या स्टेशनाला लाइन मोकळी असल्याचा निरोप जायचा नाही. जोयड्याच्या धो-धो पावसात एवढा भरवसा रॉकेलच्या एका वातीवर. लॅम्पमन तिची काजळी पुसायचा, ती नीट कातरायचा, ते याचसाठी.

मला मात्र सगळ्यात मोलाची वाटते ती सिग्नलच्या हाताला जोडलेली लोखंडी चौकट. तिच्यात दोन काचा, एक लाल आणि एक निळसर. हिरवी का नाही? कारण मागच्या कंदिलाची ज्योत पिवळी. रात्री सिग्नल पडला की निळी काच ज्योतीपुढे यायची आणि ड्रायव्हरला दिसायचा हिरवा. काच घडवणाऱ्यानं ज्योतीचा रंग आधीच हिशेबात धरलेला!

भंगारात ही जोडी फुटते. कंदील एकाकडे जातो, चौकट दुसऱ्याकडे. मग कुणी निळी काच चुकीची समजून हिरवी बसवतो, कुणी मागे पांढरा एलईडी लावतो आणि दिवाणखान्यात निळा उजेड पडतो. असा सिग्नल कुठल्याच ड्रायव्हरनं पाहिलेला नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं.

तेव्हा चौकट मिळाली तर कंदीलही शोधा. पत्रा घासून लखलखीत करू नका, शिक्का पुसट होतो. टाकी गळत नसेल तर एखाद्या संध्याकाळी अंगणात वात लावा आणि लांब उभं राहून पाहा. रॉकेल मिळत नसेल तर दिव्याचं पॅराफिन तेल चालतं. वात मात्र बर्नरच्या मापाचीच घ्या.