नव्याने आलेला माणूस आणि आपण

सत्संगात, भजनी मंडळात किंवा प्रार्थनासभेत कोणी नवीन आले की आपण हात जोडतो, बसायला जागा देतो, प्रसाद देतो. दोन-तीन आठवड्यांनी ती व्यक्ती येईनाशी होते आणि पुष्कळदा ते आपल्या लक्षातही येत नाही. म्हणून एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा. नव्याने आलेल्याला जोडून ठेवणे हे आपले कर्तव्य आहे का? असेल, तर ते कोणासाठी? त्याच्यासाठी, की आपल्या संस्थेसाठी?

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे. नवा ग्राहक मिळवण्यापेक्षा आहे तो टिकवणे स्वस्त पडते, असे आम्हाला शिकवतात. दुकानासाठी हा हिशेब योग्यच आहे. परंतु तोच विचार नकळत सत्संगात शिरला, तर किती आले आणि किती टिकले एवढेच आपण मोजू लागतो. लेखांचा अनुवाद करताना ‘जोडून ठेवणे’ हे शब्द आले की मी थोडी थांबते. ‘ठेवणे’ यात आपली इच्छा दिसते. ‘जोडलेले राहणे’ यात त्या माणसाची.

मैसूरूच्या गोकुलम भागात हा प्रश्न रोजचाच आहे. के. पट्टाभि जोइस यांची योगशाळा लक्ष्मीपुरमहून इथे आल्यापासून जगभरातले साधक इथे येतात, महिना-दोन महिने राहतात आणि परत जातात. नोकरीच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबेही आहेत. जो जाणारच आहे त्याचे नाव तरी कशाला लक्षात ठेवायचे, असे मनात येणे सोपे असते.

याच प्रश्नाचे गंभीर रूप शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अहमदनगरच्या मराठी ख्रिस्ती समाजापुढे होते. त्या काळी बाप्तिस्मा घेणाऱ्याची जात, पंगत आणि अनेकदा घरही सुटत असे. मागचे दार बंद झालेले आणि पुढच्या घरातली रीत अनोळखी, अशी त्याची स्थिती होई. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. हा परकेपणा त्यांनी स्वतः अनुभवला होता. उपासनेतली गीते बहुतांशी परदेशी चालींवर होती. टिळकांनी शंभराहून अधिक मराठी भक्तिगीते लिहिली, अभंग-ओवीची वळणे आणि कीर्तन उपासनेत आणले. नव्या माणसाने आपली भाषा बाहेर ठेवून आत यावे, ही अट त्यामुळे सैल झाली.

त्यांच्या घरातलेच उदाहरण अधिक बोलके आहे. लक्ष्मीबाई टिळकांना पतीचे धर्मांतर मान्य नव्हते. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांचे सोवळे-ओवळे लगेच सुटले नाही. ते हळूहळू, त्यांच्या स्वतःच्या विचाराने सुटले आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना जाणवते, की त्यांना स्वतःचा वेळ मिळाला म्हणूनच त्यांचे येणे खरे ठरले. पुढे १९१७ साली टिळकांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही जागा होती. उंबरठ्यावर उभ्या असलेल्यालाही त्यांनी आपलेच मानले.

यावर कोणी म्हणेल, ‘ज्याला खरी तळमळ आहे तो येईलच, साधना ज्याची त्याने करायची असते.’ हे खरे आहे. तहान ज्याची त्यालाच लागते. पण अनोळखी गावात विहीर कुठे आहे हे गावकऱ्यांनीच सांगावे लागते. न सांगता ‘त्याला तहानच नव्हती’ असे म्हणणे अन्यायाचे होईल.

दुसरीकडे, आग्रहही ओझे होऊ शकतो. रोज फोन, रोज निरोप, न आल्यास टोमणा, असे झाले की माणूस प्रेमाने नव्हे तर भिडेने येऊ लागतो. म्हणून काळजी आणि आग्रह यांतला फरक ओळखायला हवा. मला एक साधी कसोटी सुचते. तो पुन्हा येणार नाही हे नक्की कळल्यावरही आपण त्याची विचारपूस करू का? करणार असू, तर ती काळजी. नसू, तर आपण फक्त रिकामी जागा भरत होतो.

करण्यासारख्या गोष्टी लहानच आहेत. नाव विचारावे आणि लक्षात ठेवावे. त्याला कळेल त्या भाषेत बोलावे. सगळे कन्नडमध्ये चालले असेल तर शेजारी बसून हळूच अर्थ सांगावा. सतरंजी घालणे, वाटी-चमचे पुसणे असे एखादे काम त्याच्यावर सोपवावे, कारण पाहुणा फार दिवस पाहुणा राहू शकत नाही. त्याच्या शंकांना घाईने उत्तरे देऊ नयेत. तो आला नाही तर ‘का आला नाहीत?’ याआधी ‘बरे आहात ना?’ असे विचारावे.

पुढच्या सत्संगाला जाताना, गेल्या काही महिन्यांत येणे थांबवलेल्या एका व्यक्तीचे नाव आठवून पाहू या. नाव आठवले तर त्याच दिवशी तिची खुशाली विचारू या. बोलावण्यासाठी नव्हे, केवळ खुशालीसाठी.