शेताची कड

दान करावे की करू नये, हा प्रश्न आपल्यांत कोणी विचारीत नाही. दान चांगलेच, हे आपण प्रवचनांतून आणि घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलो आहोत. त्यापुढचा प्रश्न मात्र अवघड आहे. घेणाऱ्याची मान खाली न जाता द्यावे कसे? सणासुदीच्या देणगीत हा प्रश्न झाकला जातो. औदार्य रोजच्या जगण्यात आणायचे म्हटले की तो समोर उभा राहतो.

परभणी जिल्ह्यातील सोनपेठचा परिसर हा गोदाकाठचा, काळ्या मातीचा मुलूख. ज्वारी, तूर, कापूस ही येथली जुनी पिके. सोयाबीन आणि ऊस मागाहून वाढले. आपल्या शेतकऱ्यांच्या बोलीत 'सरवा' असा एक जुना शब्द आहे. पीक निघाल्यावर रानात पडून राहिलेली कणसे आणि शेंगा म्हणजे सरवा. ज्यांना स्वतःची जमीन नाही अशा घरांतील बायकामुले तो वेचावयास जात, आणि जाणता शेतकरी त्यांना हटकीत नसे. वेचले ते वेचणाऱ्याचे. त्यात कोणी हात पसरला नाही, की कोणी वरून टाकले नाही.

जुन्या करारातील लेवीय ग्रंथात हाच विचार नियम होऊन आला आहे. शेताच्या कडेपर्यंत कापणी करू नये, गळालेले वेचू नये. ते गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्यावे, असे परमेश्वर इस्राएल लोकांस सांगतो. रूथच्या कथेत आपण हा नियम पाळलेला पाहतो. रूथ परदेशी, त्यात विधवा. बवाजाच्या शेतात ती सरवा वेचीत असता तो आपल्या गड्यांना दोन गोष्टी बजावतो. पेंढ्यांतून थोडी कणसे मुद्दाम गळू द्या, ही एक. तिला धमकावू नका, ही दुसरी. आम्हांला ही दुसरी आज्ञा अधिक मोलाची वाटते. पहिलीने रूथची ओंजळ भरली; दुसरीने तिचा मान राखला.

याच्या उलट प्रकारही आपल्या मातीत होता. गावकीची कामे करणाऱ्याने सायंकाळी दारोदार फिरून भाकरी गोळा करावी आणि ती दुरून टाकली जावी, ही रीत महाराष्ट्राने शतकानुशतके चालविली. दया पवार यांच्या 'बलुतं' या 1978 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाने तिचे दुःख मराठी वाचकांपुढे मांडले. भाकरी भुकेलाच मिळत होती. परंतु ती घेताना माणूस लहान केला जात होता. मराठवाड्यातील आपल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांच्या आजापणजांनी ही भाकरी खाल्लेली आहे. आज त्यांची नातवंडे शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, कचेऱ्यांतून काम करतात. आता देण्याची पाळी आपली आहे. आपल्या हातून कोणती भाकरी दिली जाते, सरव्याची की गावकीची, हे तपासणे म्हणूनच आपल्याला टाळता येत नाही.

सोनपेठजवळचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव. पोरक्या जनाबाईंना पंढरपुरी संत नामदेवांच्या घरी आसरा मिळाला. वाट्याला आले दळणकांडण. त्यांच्या अभंगांतील विठ्ठल देवळात बसून दासीची सेवा घेत नाही; तो तिच्याजवळ येऊन दळू लागतो. दुसऱ्याचे ओझे हलके करावयाचे तर त्याच्या शेजारी बसावे लागते, ही गोष्ट शिष्यांचे पाय धुणाऱ्या प्रभू येशूला मानणाऱ्यांस वेगळी सांगावयास नको.

आता आपल्यांपैकी अनेकांना शेत नाही. पगाराला आणि वेळेला मात्र कड असते. दिवाळीच्या सुमारास या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवराबायको पाच-सहा महिने फडावर राहतात आणि कित्येक घरांत म्हातारी माणसे मागे उरतात. शेजारच्या अशा घरी आठवड्यातून दोनदा डोकावणे, औषध आणून देणे, बँकेतली पावती वाचून दाखविणे, यास पैसा लागत नाही. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरून तहसील कचेरीपर्यंत सोबत गेल्यास एखाद्या विधवेला तिच्या हक्काचे अनुदान मिळू शकते. आठवडी बाजारात जुडीभर मेथी घेऊन बसलेल्या बाईशी एका रुपयासाठी घासाघीस न करणे, हाही सरवाच. ती विकते, आपण घेतो. उपकाराचा शब्द मध्ये येत नाही.

कोणी म्हणेल, अशाने लोक आळशी होतात. दिलेला पैसा दारूत जातो. शंका अगदी खोटी नाही, आणि रोख पैसा देताना विवेक हवाच. परंतु सरवा वेचणाऱ्याला दिवसभर उन्हात वाकावे लागते. बवाजाच्या दयेने रूथचे कष्ट संपले नव्हते. शिवाय ही शंका बहुधा गरिबाच्या दोन रुपयांसंबंधी निघते, स्वतःच्या घरातील उधळपट्टीसंबंधी क्वचितच.

एक सावधगिरी मात्र हवी. कड सोडणे म्हणजे न्यायातून सुटका नव्हे. मोलकरणीचा पगार थकवून वेदीपुढे मेणबत्ती लावणाऱ्याने संत याकोबाचे पत्र उघडून पाहावे. अडवून ठेवलेली मजुरी तेथे देवाकडे आक्रोश करते. चौथ्या शतकातील संत अँब्रोज तर याहून पुढे जातात. श्रीमंत गरिबाला देतो ते स्वतःचे नसते, गरिबाचेच त्याला परत करतो, असा त्यांच्या शिकवणीचा आशय आहे; पोप सहावे पॉल यांनी 1967 च्या आपल्या परिपत्रकात त्याची आठवण दिली. हे मनाशी धरले की देणाऱ्याच्या अंगचा मोठेपणा आपोआप गळून पडतो.

आता रानात हार्वेस्टर फिरतो आणि वेचावयास फारसे मागे राहात नाही. आपल्या घरखर्चातही तो शिरू पाहतो आहे. हप्ते, शिकवण्या, समारंभ यांत पगार कडेपर्यंत कापला जातो आणि मग द्यावयास उरत नाही, असे आपण म्हणतो. लेवीय ग्रंथाचा नियम उरलेल्यातून देण्याचा नाही. कड कापणीपूर्वीच ठरवून सोडावयाची असते. येत्या महिन्याचा जमाखर्च मांडताना नवरा-बायकोने ही एक ओळ आधी लिहावी, मुलांना ती दाखवावी, आणि मगच पुढचा हिशेब करावा.