खर्रा बंद, सिगारेट चालू

सिगारेटची विक्री बंद करावी का, हा प्रश्न चंद्रपूर-गडचिरोलीत विचारायचा तर आधी खर्र्याचे काय झाले ते पाहावे लागते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले, धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. इकडे पानठेलेवाला सुपारी, सुगंधित तंबाखू आणि चुना पन्नीत घालून गिऱ्हाइकासमोर घोटून देतो, तोच खर्रा. माणसे खातात, बाया खातात, शाळकरी पोरेही खातात.

हा खर्रा कायद्याने बंद आहे. गुटखा २०१२ साली बंद झाला, पुढच्या वर्षी सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीही. आधार अन्नसुरक्षा कायद्याचा: अन्नात तंबाखू मिसळता येत नाही. हुकूम वर्षभराचाच, म्हणून तो पुन्हा पुन्हा काढावा लागतो. सिगारेट हे अन्न नव्हे. तिच्यासाठी २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा आहे आणि तो विक्री थांबवत नाही, फक्त मर्यादा घालतो. अठरा वर्षांखालच्यांना विकू नये, शाळेपासून शंभर यार्डांत विकू नये, पाकिटाच्या ८५ टक्के भागावर इशारा हवा. सुटी सिगारेट घेणाऱ्याला तो इशारा दिसतच नाही. २०२० मध्ये राज्याने सुट्या विक्रीलाही मनाई केली.

म्हणजे जिची विक्री चालू आहे त्या सिगारेटवर रोगाचे चित्र आहे, छापील किंमत आहे, कर आहे. जो बंद आहे त्या खर्र्याच्या पन्नीवर काहीच नाही. कागदावर बंदी झाली की त्या वस्तूवर नियम लावायची गरजही संपते, आणि ठेला तर सुरूच राहतो. गिऱ्हाइकाच्या वाट्याला ना बंदी येते, ना इशारा.

मग बंदीच नको का? तसे मला मुळीच वाटत नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, ती गावोगावच्या चळवळीतून आली. शेजारच्या चंद्रपूरची २०१५ ची दारूबंदी २०२१ मध्ये उठवली गेली. अवैध विक्री वाढली हे कारण पुढे केले गेले. गडचिरोलीने मात्र २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या व्यसनमुक्ती अभियानाच्या कामात दारूबरोबर तंबाखूही घेतला. गावातल्या बाया संघटना बांधतात, ग्रामसभेत ठराव घेतात, ठेलेवाल्याला समज देतात, माल नष्ट करतात. कायदा नसता तर ती बाई शेजाऱ्याशी भांडणारी ठरली असती. कायदा आहे म्हणून तिला ठेल्यासमोर उभे राहून बोलता येते. बंदीचा खरा उपयोग मला इथे दिसतो.

एक अवघड गोष्ट मात्र टाळता येत नाही. सिगारेट बंद करून बिडी ठेवता येणार नाही, आणि याच ग्रामसभा उन्हाळ्यात बिडीसाठी तेंदूपाने विकतात. कितीतरी घरांचा वर्षाचा रोख पैसा त्या हंगामात येतो. तो पैसा दुसरीकडून कसा येईल हे ठरवल्याशिवाय जंगलातल्या माणसाला बंदी सांगायला जाणे अन्यायाचे होईल.

सिगारेट-बिडीची विक्री बंद व्हायलाच हवी. पण आधी सुगंधित तंबाखूची गोदामे आणि गाड्या अडवा, खाणाऱ्याला शिक्षा नको, उपचार द्या. आणि तुमच्या गावची पुढची ग्रामसभा असेल तेव्हा पानठेल्याचा विषय तुम्ही स्वतः मांडा.