धुराचं घर

लोहगडवाडीतलं मामाचं घर पाडायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात मोठा आवाज माझा होता. पुण्यात राहणाऱ्याचा. मळवलीला लोकल सोडायची, भाज्यावरून चढून यायचं, ओटीवर पाठ टेकायची, एवढाच माझा त्या घराशी संबंध.

घर मात्र डोकं लावून बांधलेलं. भार सगळा लाकडी खांबांवर आणि तुळयांवर. भिंती कारवीच्या कुडाच्या, वरून शेणमाती लिंपलेली. पावसानं कूड कुजला तर तेवढाच बदलायचा, घर हलत नाही. इंग्लंडच्या खेड्यांतली जुनी घरंही याच जातीची: ओकचा सांगाडा, मधे काठ्या आणि माती. तिथं असं घर संरक्षित यादीत गेलं की मालकालाही परवानगीशिवाय फारसं काही बदलता येत नाही.

हे सगळं मी मामाला ऐकवलं. समोरच्या कार्ल्याचंही उदाहरण दिलं. तिथल्या चैत्यगृहाच्या छताला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून आहेत. २०२५मध्ये लोहगड जागतिक वारसा यादीत गेला, आणि आपण त्याच्या पायथ्याचं घर पाडायचं?

मामानं एका वाशावर नख मारलं. पिवळी भुकटी गळली.

"गॅस आल्यापासनं भुंगा लागला," तो म्हणाला.

ज्या काळ्या, चकाकत्या वाशांचे फोटो मी दरवर्षी टाकायचो, ती चुलीची काजळी होती. धुरानं कीड लांब राहते, पावसाळ्यात लाकूड कोरडं राहतं, हे मला ठाऊक होतं. त्या धुराखाली बसायचं कोण, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं. मामीनं तीस वर्षं ती चूल फुंकली. तिचे डोळे अजून चुरचुरतात, रात्री खोकला सुटतो. कार्ल्याच्या कमानींखाली कुणाला रोज भाकऱ्या थापाव्या लागत नाहीत.

लाकडाला औषध मारता येतं, वासे बदलता येतात. पण खर्च मामाचा, राबणं मामीचं आणि फोटो माझे. मावळच्या पावसात स्लॅब गळणार, दोन वर्षांत त्यावर पत्रा चढणार, असं मला आजही वाटतं. वाटण्यापलीकडे माझा हक्क किती, हे विचारायचं धाडस मी उशिरा केलं.

पाडताना मी ओटीचा एक खांब मागितला.

"न्या की भाचेबुवा," मामी हसली. "पण तुमच्या फ्लॅटात चूल कोण पेटवणार?"

खांब अजून मामाच्या गोठ्यात आडवा पडलाय.